माझी दाढ, त्याची परीक्षा

"हिचे मार्क सांगू का सगळ्यांना?" डॉक्टरसाहेब म्हणाले, आणि सांगितले.

परभणीतल्या त्यांच्या बंगल्यावर निरोपाचा कार्यक्रम होता. त्यांचा मुलगा यश आणि मी, दोघं परदेशात दाताचं डॉक्टर व्हायला निघालो होतो. खुर्च्यांवर शहरातली मोठी माणसं. मी दाराशी, पेढ्यांचं ताट धरून. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेतले माझे मार्क ऐकून सगळे हसले. माझे वडील, अण्णा, तेही हसले. ते डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यात दाराशी बसून पेशंटचे नंबर पुकारायचे. साहेब हसले की हसायचं, ही त्यांची सवयच.

यशचे मार्क माझ्याहून कमी. ते कुणी विचारले न्हाईत. त्याच्या बाबतीत "नशीब नाही लागलं बिचाऱ्याचं." माझ्या बाबतीत "डोकं असून असून किती असणार?" परीक्षा एकच, आणि बोलायच्या तऱ्हा दोन. मला तवा राग आला न्हाई. नुसती लाज वाटली.

मला सोबत का पाठवायलेत, ते यशच्या आईनं पेढा घेता घेता सांगून टाकलं. "यशला बाहेरचं सोसत नाही. तू आहेस म्हणून मला काळजी नाही." आमचं पेडगावचं रान विकून मी चालले होते. ह्यांच्या लेखी मी स्वयंपाकीण.

तिथं तसंच झालं. आधी त्याच्या पोळ्या, मग माझं कॉलेज. बर्फ, दुपारीच पडणारा अंधार, न कळणारी भाषा. होस्टेलात नांदेडकडची एक ताई होती, आमच्या लय पुढच्या वर्षाला. ती कायम डाव्या बाजूनंच चावायची. मी विचारलं, "ताई, दात दुखायलाय का?"

"असला तर दुखंल ना," ती ताटाकडं बघत म्हणाली. "तुला कळंल. प्रॅक्टिकल सुरू होऊ दे."

कळलं. तिथं रीत अशी, की परीक्षेला ज्यानं त्यानं आपला पेशंट आपण आणायचा. किडलेला दात हुडकायचा, माणसाला राजी करायचं, खुर्चीत बसवायचं. तिथल्या पोरांना मावश्या, आज्या, शेजारीपाजारी. आमाला कोण? मग आमची पोरं एकमेकांच्या तोंडात हात घालायची. एकमेकांच्या म्हणायचं आपलं नुसतं. खुर्चीत कायम गरिबाचं लेकरू. दात कोरायची मशीन कायम साहेबाच्या लेकराच्या हातात.

एकदा जेवताना यशनं मोबाईलची बॅटरी लावली आणि म्हणाला, "आ कर." मी केला. लय वेळ बघत बसला. "मस्त आहेत गं तुझे दात." माझ्या भाजीला तो कधी मस्त म्हणाला नव्हता.

पहिली दाढ तशी गेली. तिच्यावर काळी रेघ होती, नुसता डाग. "कीड आहे," तो म्हणाला. "छोटंसं फिलिंग. बाबांनी तुला इथं आणलं, एवढं नाही करणार?" मी बसले. भूल नीट चढली नव्हती, त्याचा हात घसरला, मशीन थेट नसेपर्यंत गेली. मी कळवळले. "गप ना, सर बघतायत," तो म्हणाला. तो पास झाला. पुढं सूज चढत गेली आणि ती दाढ काढावी लागली. ताईनं मिठाचं गरम पाणी आणून दिलं.

अण्णांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "साहेबाचं लेकरू हाय ते. मुद्दाम करंल का? एका दाढंनं काय व्हतंय?"

वर्षाची मोठी परीक्षा आली. ह्या वेळी यशनं विचारलंसुद्धा न्हाई. "उद्या वेळेवर ये. उजवीकडची घेतो." बाजारात वांगी निवडावीत तसं. माझी परीक्षा त्याच दिवशी होती. मी म्हणलं, "मग माझा पेशंट?"

"तुझं बघू नंतर."

खुर्चीत आडवी झाले. डोळ्यांवर पांढरा दिवा. यश इंजेक्शन भरायलता. शेजारच्या खुर्चीत तिथलीच एक पोरगी म्हाताऱ्या पेशंटवर वाकून विचारायलती, "तुमची परवानगी आहे का?" आमाला तिथं शिकवलेलं पहिलं वाक्य तेच. त्याच्याशिवाय पेशंटला हात लावायचा न्हाई. म्हाताऱ्यानं मान हलवली, तवा कुठं तिनं हातमोजा चढवला. आमच्या खुर्चीत हे वाक्य कुणी कधी म्हणलंच नव्हतं. का म्हणंल? जनावराला कोण विचारतंय!

माझं डोकं फिरलं. मी उठून बसले, त्याचं मनगट धरलं आणि तिथल्या भाषेत, मोडकंतोडकं, पण सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणलं, "मला विचारलेलं नाही. दाढ चांगली आहे. माझी परवानगी नाही."

परीक्षक बाई आल्या. त्यांनी माझ्या तोंडात आरसा घातला. चांगली दाढ बघितली, मग दुसरीकडची मोकळी जागा बघितली. "हे कुणी केलं?" मी यशकडं बोट केलं.

तो दातओठ खात मराठीत म्हणाला, "स्वतःचे मार्क विसरलीस काय?"

"न्हाई विसरले. तुझेबी ध्यानात हायेत."

त्याला दुसरी तारीख मिळाली. मला पेशंटच नव्हता, म्हणून नापास. पुन्हा तेच वर्ष. इकडं परभणीत साहेबांनी अण्णांना दवाखान्यातून काढलं. अण्णांचा फोन आला. "पोरी, माफी माग. पाय धर त्याचे."

"न्हाई धरणार, अण्णा."

त्यांनी फोन ठेवला. तवापासून बोलले न्हाईत. मी लय रडले. दाढ काढताना रडले नव्हते एवढी रडले. मग बाजारात जाऊन भाजीवाल्या बायांशी बोलायला लागले. चुकत चुकत, हसं करून घेत. त्यातली एक आता माझी पेशंट व्हायला तयार झालीय. तिचा दात खरंच किडलाय.

परवा मोबाईलवर साहेबांचा निरोप आला, त्यांच्याच आवाजात. सेलूच्या दोन मुली येतायत, त्यांनीच पाठवलेल्या. "फार हुशार नाहीत, पण गुणी आहेत. यश बघेल त्यांचं. तू त्यांच्या आसपास दिसायचं नाही. नाहीतर परभणी जिल्ह्यात तुझ्या नावाची पाटी लागणार नाही."

यशच्या अजून परीक्षा बाकी हायेत.

उद्या सकाळी त्या पोरी विमानतळावर उतरायल्यात. यश फुलं घेऊन जाणार म्हणं. मी त्याच्या आधी जाऊन दारात उभी राहणार. त्या मला ओळखत न्हाईत, यडी समजतील, समजू देत. आधी त्यांना माझ्या तोंडातली मोकळी जागा दाखवणार, मग त्याचं नाव सांगणार. त्याच्या देखत, मराठीत, पुन्हा पुन्हा सांगणार. पाटी लागली न्हाई तर न लागो. त्या खुर्चीत माझ्यानंतर आमची कुणी बसणार न्हाई.