दारातल्या चपला आणि आतला कॉम्प्युटर

इंदूरच्या आमच्या मिलच्या चाळीत सध्या कोणाकडेही गेलं की कॉम्प्युटरचा एक किस्सा ऐकायला मिळतो. चहा संपलेला असू शकतो, किस्सा संपत नाही! नळावर दोन, किराण्याच्या दुकानात एक, आणि घरी परत येईपर्यंत त्यातलाच एखादा तिखटमीठ लावून आपल्याआधी पोहोचलेला असतो.

मी फारशी बोलत नाही. कोपऱ्यात बसते. त्यामुळे लोकांना वाटतं की मला ऐकूही येत नाही. मला सगळं ऐकू येतं. शिवाय वहिनीला दिवस गेल्यापासून दर खेपेला मीच तिच्याबरोबर केंद्रात जात होते. दादा पीथमपूरच्या कारखान्यात, बाबा टेम्पोवर आणि आई दिवसभर शिलाई मशीनवर. म्हणून बरेचसे किस्से मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेत.

सांगताना सगळे हसतात. मीही हसते. मग घरी आल्यावर माझे कान तापतात. म्हणून लिहून काढते आहे.

* * *

मिल चालू होती तेव्हा मिलचा दवाखाना होता. चाळीतली निम्मी पोरं तिथेच जन्मली, मीसुद्धा. मिल बंद झाली, भोंगा बंद झाला, आणि पाठोपाठ दवाखान्यालाही कुलूप लागलं. मग एका ट्रस्टने ती इमारत घेतली, गुलाबी रंग दिला आणि पाटी लावली: ‘कम्प्यूटराइज्ड मातृ सेवा केंद्र’.

उद्घाटनाला एक नेताजी आले. म्हणाले, कॉम्प्युटर प्रत्येक बाईची तारीख लक्षात ठेवेल. कोणाला कधी तपासायचं ते सांगेल. कोणाच्या जिवाला धोका आहे तेही आधीच सांगेल. खरं सांगते, ऐकताना मला फार छान वाटलं होतं.

मग कॉम्प्युटरची पूजा झाली. पडद्याला कुंकू, वर झेंडूचा हार. नेताजींनी टेबलाच्या कडेवरच नारळ फोडला आणि नारळाचं सगळं पाणी की-बोर्डमध्ये! हिरवी अक्षरं थरथरली आणि पडदा काळा झाला. ऑपरेटर पंकज भिया (इंदुरात भैयाचं भियाच होतं), जो पलासियाच्या एका क्लासमधून कोर्स करून नुकताच नोकरीला लागला होता, तो रुमालाने की-बोर्ड टिपत बसला.

नेताजींचं भाषण मात्र चालूच. “अब इस क्षेत्र की किसी माता को कोई कष्ट नहीं होगा!”

मागून आमच्या शेजारच्या रामकन्याबाईंचा आवाज आला. त्यांची ही चौथी जचकी, म्हणजे बाळंतपण. “क्यों भिया, जचकी भी यही करेगा?”

* * *

कॉम्प्युटरला धूळ चालत नाही, म्हणून चपला दाराबाहेर. कॉम्प्युटरला गरमी चालत नाही, म्हणून त्याच्या खोलीला एसी. आख्ख्या केंद्रात एसी तो एकच. बाळंतपणाच्या खोलीत मिलच्या जमान्यातला पंखा आहे, तो फिरतो कमी आणि कण्हतो जास्त.

मे महिन्यात पोटुशा बायकांची रांग अंगणात, उन्हात. पाय पोळायचे, म्हणून एका पायावर उभ्या राहायच्या, मग दुसऱ्या. रामकन्याबाईंनी काचेवर टकटक केली. “भिया, दो मिनट अंदर बैठने दो. चक्कर आ रहे हैं.”

“अंदर भीड़ मत करो, अम्मा. गरमी होती है. मशीन हैंग हो जाएगी.”

“और मैं हैंग हो गई तो?”

सगळी रांग हसली. पंकज भियाही हसला. दार मात्र त्याने आतून लावून घेतलं.

मी हे बाबांना सांगितलं. बाबा मिलच्या विणकाम खात्यात होते. ते म्हणाले, “आमच्याकडे धाग्याला गारवा लागायचा, म्हणून वरून पाण्याचे फवारे सोडायचे. पण धाग्याबरोबर आम्हीही गार व्हायचो बरं का! तिथून आम्हाला कोणी बाहेर नाही काढलं.”

* * *

कॉम्प्युटरच्या प्रोग्राममध्ये नवऱ्याचं नाव भरल्याशिवाय पुढची ओळ येत नाही. आणि आमच्या भागातल्या कित्येक बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत.

एक नवी सून आली होती, घुंगटात. पंकज भियाने विचारलं, “पति का नाम?” ती गप्प. पुन्हा विचारलं. ती आणखी खाली बघायला लागली. हा चिडला. “बोलो ना जी, मशीन रुकी हुई है!”

मग रांगेतल्या बायकाच मदतीला धावल्या. “रमेश? सुरेश? दिनेश?” ती मान हलवत नाही ती नाहीच. “मुकेश? कैलाश?” नाही. शेवटी रामकन्याबाई कंटाळून म्हणाल्या, “अब क्या पंकज?”

आणि ती लाजून हसली!

“बधाई हो, भिया!” म्हणून रांगेने असा काही गलका केला की मॅडम आतून बघायला आल्या. मॅडम म्हणजे डॉक्टर. त्या आठवड्यातून काही दिवसच यायच्या, कॉम्प्युटरच्याच खोलीत बसायच्या आणि पडदा स्वतःकडे वळवून घ्यायच्या.

त्या दिवशी वहिनी इतकी हसली की पोट धरून भिंतीला टेकली. तिला तशी हसताना मी नंतर बरेच दिवस पाहिलं नाही.

* * *

कॉम्प्युटरला सगळ्यात आधी हवी असते पाळीची तारीख. त्यावरून तो बाळाची तारीख काढतो.

आता आमच्या चाळीत तारखा लिहून कोण ठेवतं? बायका सांगायच्या, “गेरच्या आसपास.” गेर म्हणजे रंगपंचमीची आमची मिरवणूक, सगळं इंदूर राजवाड्यावर रंगून निघतं ती. ती सगळ्यांच्या लक्षात असते. गेरच्या आधी, गेरच्या नंतर, गेरच्या दिवशी मावशी आली होती त्या सुमाराला... पंकज भियाने सोपी युक्ती काढली. गेर हा शब्द कानावर पडला की रंगपंचमीची तारीख टाकायची आणि ओरडायचं, “चलो, अगली!”

काही महिन्यांनी मॅडमच्या पडद्यावर दिसलं की डिसेंबरच्या एकाच दिवशी अर्धा मोहल्ला बाळंत होणार आहे. चष्मा काढून त्या म्हणाल्या, “पंकज, रंगपंचमी को इंदौर में आखिर हुआ क्या था?”

बायकांनी तोंडाला पदर लावले. त्या कशाला हसताहेत ते मला नंतर वहिनीने सांगितलं.

त्या तारखा नंतर कोणी दुरुस्त केल्या नाहीत. आणि वहिनीने तर स्वच्छ सांगितलं होतं. मी बाजूलाच होते. “गेरच्या बऱ्याच आधी हो भिया. महिनाभर तरी, वरच होईल.”

“अरे भाभीजी, महीना इधर-उधर चलता है. कम्प्यूटर अपने आप एडजस्ट कर लेता है.”

एंटर.

* * *

लाइट गेली की आख्खं केंद्र बंद पडतं, कॉम्प्युटर सोडून. त्याच्या टेबलाखाली एक डबा आहे, त्यात वीज साठवलेली असते.

रामकन्याबाई बाळंत झाल्या त्या दिवशी बाहेर धो-धो पाऊस, खिडक्या बंद, भरदुपारी खोलीत काळोख. सिस्टर मेणबत्ती शोधत होत्या. बाळ काही मेणबत्तीसाठी थांबलं नाही. भिंतीपलीकडे पंकज भियाच्या पडद्यावर झगझगीत उजेड होता, कारण जन्माची वेळ ताबडतोब भरायची असते ना!

बाळ धडधाकट आहे. रामकन्याबाई सगळ्यांना सांगतात, “पैदा अंधेरे में हुआ, नाम उजाले में चढ़ा.”

* * *

पुढचं कोणी हसत सांगत नाही. तरी चाळीत हेच सगळ्यात जास्त सांगितलं जातं.

ज्या बाईला आठवा महिना लागतो तिच्या नावापुढे कॉम्प्युटर एक चांदणी देतो. चांदणी आली की मॅडम बीपी बघतात, पाय बघतात, लघवी तपासायला पाठवतात. चांदणी नसेल तर गोळ्या आणि पुढची तारीख. अशी पद्धतच आहे.

वहिनीचे पाय सुजायला लागले. आधी जोडवी काढावी लागली. मग चपला घालता येईनात. मग ती दादाच्या चपला घालायला लागली, तपकिरी, मोठ्या, अंगठ्यापाशी नायलॉनच्या दोऱ्याने शिवलेल्या. केंद्राच्या दारात बायकांच्या नाजूक सँडलांच्या रांगेत त्या एकट्या अशा दिसायच्या की वाटावं, एखादा दांडगा माणूस आत शिरलाय. दर खेपेला शंभर पाय त्यांना ओलांडून जायचे. एकानेही विचारलं नाही की या इथे कशा.

वहिनीने आत सांगितलं, “मॅडम, पाय बघा ना. डोकंही फार दुखतंय.”

मॅडमनी पडदा पाहिला. “अभी सातवां चल रहा है. इतनी सूजन नॉर्मल है.”

“सातवा नाही हो मॅडम. मला माहितीये ना माझं.”

“तुमको ज्यादा मालूम है कि कम्प्यूटर को?”

हे मॅडम रागाने नाही म्हणाल्या. समजुतीने म्हणाल्या, लहान मुलीला सांगावं तसं. मला त्याचाच जास्त राग आला. खूप शिकलेली बाई, हाताच्या अंतरावर पाय, आणि मान वळवून खाली बघायची सवयच गेलेली!

पुढच्या आठवड्यात एका दुपारी वहिनी पीठ मळता मळता थांबली. म्हणाली, “माया, डोळ्यांपुढे काजवे चमकताहेत गं. तू दोन दोन दिसतेस.” बाबा जेवायला घरी आले होते. ताट तसंच ठेवून त्यांनी तिला टेम्पोत घातलं. आई आणि मी मागे चढलो.

केंद्रात वहिनी दारातल्या बाकावर कलंडली. आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. बाबांनी काच ठोठावली. पंकज भियाने नाव टाकून पाहिलं. “अंकलजी, इनकी तारीख बुधवार की है. स्टार भी नहीं है.”

“अरे बेटा, तू एक बार देख तो ले उसको!” बाबा म्हणाले.

“मैं क्या देखूंगा? मैडम लिस्ट से चलती हैं.”

बाबा ओरडायला लागले. मिलच्या गेटवर ओरडायचे तसे. तिथेही कोणी ऐकलं नव्हतं. मॅडमनी आतून फक्त हात वर केला: शांत राहा.

मी खाली पाहिलं. दादाच्या चपला दारात उलट्यापालट्या पडल्या होत्या.

मी त्या उचलल्या. दार लोटलं. आत गेले. आणि दोन्ही चपला त्या कुंकू लावलेल्या मशीनवर ठेवल्या, की-बोर्डच्या बरोबर मधे.

पंकज भिया असा किंचाळला की जणू साप निघाला! “चप्पल! मैडम, चप्पल! कम्प्यूटर पर चप्पल!” सिस्टर धावल्या. मॅडम खुर्चीवरून उठल्या. आख्खं केंद्र त्या चपलांकडे बघायला लागलं.

“ये क्या बदतमीजी है? किसकी है ये? ये तो जेन्ट्स की है!”

मी दाराबाहेर बाकाकडे बोट केलं. “माझ्या वहिनीच्या आहेत. तिला आता याच येतात.”

मॅडमनी चपलेकडे पाहिलं, मग दाराबाहेर पाहिलं. मग धावत बाहेर गेल्या आणि बाकापाशी गुडघ्यांवर बसल्या. वहिनीच्या पायावर अंगठा दाबला, तो खड्डा तसाच राहिला. बीपीचा पट्टा बांधला आणि मोजता मोजताच ओरडल्या, “सिस्टर, इंजेक्शन! गाड़ी निकालो, बड़े अस्पताल!”

गाडी म्हणजे बाबांचा टेम्पो. दुसरी होती कुठे? बाबांनी हॉर्नवरचा हात वाटेत एकदाही काढला नाही.

ऑपरेशन करून मुलगी झाली. इवलीशी, काही दिवस काचेच्या पेटीत होती. वहिनी आम्हा कोणाला ओळखतच नव्हती. दादा कारखान्याच्या कपड्यांतच भिंतीला टेकून उभा असायचा. मग एका सकाळी तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “आता एकच दिसतेस.”

केंद्राने या सगळ्यातून एक सुधारणा केली. दारावर नवी पाटी लावली: ‘मशीन के पास चप्पल लाना सख्त मना है’.

* * *

बाळाला लस टोचून घ्यायला मागच्या आठवड्यात पुन्हा त्याच केंद्रात गेलो. वहिनी, मी आणि मांडीवर छोटी. चपला दारात काढल्या. वहिनीच्या आता तिच्या स्वतःच्याच होत्या, लाल पट्ट्यांच्या.

पंकज भियाने नाव टाकलं. पडदा वाचला. पुन्हा वाचला.

“भाभीजी, बच्चे का कार्ड अभी नहीं बनेगा.”

“का?”

“आपकी डिलीवरी तो हुई नहीं अभी. इसमें डेट आगे की है. तब तक सिस्टम बच्चा नहीं लेता.”

छोटीने जांभई दिली. मग भोकाड पसरलं. पंकज भियाने तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं, आणि पडद्याकडेच बघत राहिला. “मैं क्या करूं? डेट आने दो, फिर आना.”

वहिनीने बाळ माझ्या हातात दिलं. पदर खोचला. वळली, आणि सावकाश दाराकडे चालायला लागली, जिथे चपला काढून ठेवलेल्या असतात.

“भाभीजी!” पंकज भिया खुर्चीवरून उठलाच. “बैठो ना, भाभीजी! बना रहा हूं... बना रहा हूं!”