कोपऱ्यातल्या बाईचं पान

टेलरबाईंना गिऱ्हाइकांची नावं लक्षात राहत नसत, अंगं राहत. त्यामुळे त्यांच्या मापांच्या वहीत 'डावा खांदा उतरता', 'श्वास रोखून माप देणारी', 'बारीक होणार आहे म्हणते' अशा मथळ्यांची पानं होती. वहीला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, असा दंडक होता. आणि एक तोरा होता. पहिल्याच ट्रायलला कपडा अंगावर चोख बसला पाहिजे. गेल्या तीस वर्षांत दुसऱ्या ट्रायलला कोणी आलेलं नाही, असं त्या छातीठोकपणे सांगत. दोन-तीनदा आलंही असेल, पण तेव्हा माप देताना गिऱ्हाईकच वाकडं उभं राहिलं होतं.

त्या दिवशी चष्मा सापडेना. तो कपाळावर होता, पण हे सांगायला कोणी धजलं नाही. शेवटी नाइलाजाने त्यांनी सुनेला वहीतून एका कोटाचं माप वाचायला सांगितलं. काजं-बटणं करणारी सून आनंदाने उठली आणि नेमकं शेवटचं पान उघडून बसली. मथळा होता 'कोपऱ्यातली'. छाती नाही, कंबर नाही, बाहीची लांबी नाही. नुसत्या पाच तारखा.

"आई, ही कोपऱ्यातली कोण हो?"

टेलरबाईंची कात्री कापडात अडकली. "आहे एक. ट्रायलच्या तारखा आहेत त्या."

"पाच ट्रायल? तुमच्याकडे?"

झाली का पंचाईत! घाईघाईत थाप मारली आणि ती स्वतःच्याच अब्रूवर उलटली. सुनेने एकदा वहीकडे पाहिलं आणि एकदा दुकानाच्या कोपऱ्याकडे. तिथे एकच मशीन होतं आणि त्यावर एकच बाई बसत असे. शेवटची तारीखही तिला आठवली. त्या दिवशी सासूबाई डोकं दुखतंय म्हणून दुपारीच घरी गेल्या होत्या आणि संध्याकाळी दोरीवर एकटी चादर वाळत होती.

खरं सांगायचं तर टेलरबाईंची पाळी बंद होऊन चार वर्षं झाली होती. आणि आता पाच महिन्यांत पाच वेळा रक्ताचा डाग दिसला होता. थोरल्या बहिणीने असंच दुखणं अंगावर काढलं, कोणाला पत्ता लागू दिला नाही, आणि ती गेली. बोलायची लाज, मनात ठेवायची भीती. मग बाईंनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. वहीत टिपून ठेवलं.

सून बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "त्या बाईंना माझा एक निरोप सांगाल? पाळी गेल्यावर एकदा जरी डाग दिसला, तरी डॉक्टरांना दाखवायचं असतं म्हणावं. बहुतेक वेळा साधंच काहीतरी निघतं. पण दाखवायचं."

"ती घाबरट आहे."

"एकटीला भीती वाटत असेल, तर मी येते म्हणावं."

टेलरबाईंनी कात्री सोडवली. "बुधवारी आपलं दुकान बंद असतं. तिला वेळ आहे का, विचारून बघते."

तिला वेळ होता. दवाखान्यात अंगात चढवायला दिलेला झगा पाहून टेलरबाई आपली भीती क्षणभर विसरल्या. "हे कापलंय कोणी? मागून सगळा कारभार उघडा! आणि नाड्या दोन, त्यातली एक लांब, एक आखूड!" डॉक्टरबाई हसल्या. सोनोग्राफी पाहून म्हणाल्या, "गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड झालंय. थोडा तुकडा तपासायला पाठवू." अस्तर जाड झाल्यावर काय होतं, ते टेलरबाईंना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तुकडा घेताना चांगली कळ आली. "मी नुसती टाचणी टोचली तरी सॉरी म्हणते," त्यांनी ऐकवलं. डॉक्टरबाई लगेच सॉरी म्हणाल्या.

निघताना डॉक्टरबाई सुनेकडे वळल्या. "आणि तुम्ही? पस्तिशीच्या दिसता. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी कधी केली होती? त्रास नसला तरी काही वर्षांनी करत राहायची असते."

"मला काही त्रासच नाही," म्हणत सून जी सटकली, ती थेट रस्त्यावर.

रिपोर्टला दहा दिवस होते. त्या दहा दिवसांत टेलरबाईंनी एका कोटाला दोन्ही डाव्या बाह्या लावल्या. गिऱ्हाईक दुसऱ्या ट्रायलला आलं. सुनेने एक बाही उसवली.

रिपोर्ट आला. पेशी बिघडायच्या वाटेला लागल्या होत्या, पण कर्करोग झालेला नव्हता. पिशवी काढून टाकली की धोका टळेल, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. "वेळेत आलात. नुसत्या तारखाच लिहीत बसला असतात, तर मला हे सांगता आलं नसतं." टेलरबाई तिथेच हमसून हमसून रडल्या. स्वतः सुटल्या म्हणून रडल्या, आणि बहिणीला कोणी वही उघडणारं भेटलं नाही म्हणूनही.

ऑपरेशन झालं. दोन महिन्यांनी त्या पुन्हा कोपऱ्यातल्या मशीनवर बसल्या. सगळ्यात आधी वही मागितली. 'कोपऱ्यातली' हा मथळा खोडून तिथे 'मी' असं लिहिलं. खाली डॉक्टरबाईंनी पुन्हा बोलावल्याची तारीख टाकली आणि तिच्यापुढे, दात-ओठ खात, 'दुसरी ट्रायल'. सुनेला हसू आवरेना.

"हसून घे," म्हणत त्यांनी पान उलटलं आणि कोऱ्या पानावर ठळक अक्षरांत नवा मथळा लिहिला: 'त्रासच नाही म्हणणारी'.

सुनेचं हसू मावळलं. "ही कोण आणखी?"

"आहे एक. घाबरट आहे." टेलरबाईंनी पेन्सिल कानामागे खोचली. "बुधवारी वेळ आहे का, विचार तिला. एकटीला भीती वाटत असेल, तर मी येते म्हणावं."