दादाने मला चाखायला लावलेली वाईन

माझा मोठा भाऊ पुण्यातल्या एका हॉटेलात गिऱ्हाइकांना वाईन सुचवायचा. कोणत्या पदार्थासोबत कोणती प्यावी, हे सांगणं हेच त्याचं काम. मग त्याला घशाचा कॅन्सर झाला. किरणं देऊन झाली. गाठ गेली नाही, चव मात्र गेली. दिवाळीनंतर तो तळोद्याला कायमचा परतला, तेव्हा बॅगेत कपड्यांत गुंडाळलेली एक बाटली होती. सोबत्यांनी निरोपाला दिलेली.

एका रविवारी दुपारी त्याने ती मला उघडायला लावली. फ्रान्सची पांढरी वाईन, दोन जातींच्या द्राक्षांची. "एक जात आंबट, तरतरीत. दुसरी मऊ. म्हणून मिसळतात," तो घोगऱ्या आवाजात समजावत होता.

आईने दोन ताटल्या आणून ठेवल्या. एकीत माझ्यासाठी झणझणीत वांग्याचं भरीत. दुसरीत तापीचा मासा, नुसत्या हळद-मिठात परतलेला. दादाचं तोंड आतून पार सोलून निघालं होतं. बाटलीकडे न बघताच आई आत गेली.

मी चहाच्या ग्लासात ओतून घोट घेतला.

"कसं लागस?"

"छान. फुलांसारखं," मी म्हणाले. हॉटेलात असंच काहीतरी म्हणत असतील, असं मला वाटलं.

दादा हसला. "खोटं नको बोलू. इतला वरीस मी गिऱ्हाइकस्ना तोंडं वाचेल शे. माले काहीच लागत नई. तू खरं सांगशी, तवय माले समजी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुन्हा घोट घेतला. "आधी आंबट. कच्च्या बोरासारखं. मग जिभेवर काहीतरी जाडसर राहतं, सायीसारखं."

त्याने डोळे मिटले. "आता भरीत खाऊन घे."

भरितानंतर वाईन कडू झाली, तोंडाची नुसती आग. मग मासा खाल्ला. आंबटपणा कुठल्या कुठे गेला आणि मासाच गोड लागू लागला. मी तसं सांगितलं आणि सांगता सांगता दुसरा तुकडा उचलला. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

मग त्याने स्वतःलाही एका ग्लासात थोडी ओतून घेतली. घोट बराच वेळ तोंडात धरला आणि तस्तात थुंकला.

"पानी," तो म्हणाला. "नुसतं पानी."

आजार कळल्यापासून तो पहिल्यांदा रडला. मी ताटली बाजूला सारू लागले, तर म्हणाला, "तू सांगत ऱ्हाय." मासा संपेपर्यंत मी सांगत राहिले.

पुढे त्याचं बोलणं बंद झालं. पाटीवर लिहायचा. संक्रांतीच्या आठवड्यात तो गेला.

भेटायला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, पुण्यात काय करायचा?

"हॉटेलमा व्हता," आई म्हणाली.

मला बरंच सांगायचं होतं. पण मी पाहुण्यांचे चहाचे ग्लास उचलून आत गेले.