वरून दिसलेली कॉफी

लोहाऱ्यातला विमानात बसलेला पहिला माणूस म्हणजे आमचे धोंडप्पा काका. वरून काय दिसतं, असं गावानं त्यांना हजारदा विचारलं असेल. काका प्रत्येकाला एकच सांगत, "कॉफी." लोकांना वाटे, म्हातारा भाव खातोय. मलाही बरीच वर्षं तसंच वाटलं, आणि मी त्यांचा सख्खा पुतण्या.

सत्तेचाळीस सालची गोष्ट. राज्य निजामाचंच होतं. काकांची थोरली बहीण रुद्रम्मा, म्हणजे अक्का, बंगलोरला दिलेली. आई गेल्यावर तिनंच काकांना वाढवलं होतं. सासरी गेल्यावरही ती दर दोन महिन्यांनी भाजलेल्या कॉफीची पूड पाठवायची, म्हणून चहाच्या गावात आमचं एकच घर कॉफीचं. तिचा स्वभाव कडक. कॉफी बिघडली असेल तर दुसरा घोट घ्यायची नाही, मग करणारी सासू का असेना.

उन्हाळ्यात तार आली : रुद्रम्मा आजारी, चार दिवस पोटात काही नाही, धोंडप्पाला बोलावते. कारण आमच्या घरात कुणालाही सांगावं लागलं नाही. आमच्यात गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा होईपर्यंत पाणीसुद्धा पीत नाहीत, आणि जे खायचं ते आधी लिंगाला दाखवायचं. अक्काच्या हातात लिंग धरायची ताकद उरली नव्हती. पूजा नाही, म्हणून अन्न नाही; दवाखान्यातल्या सलाईनवर जीव तेवढा टिकून होता. सासरच्यांनी आपल्या पूजेचा प्रसाद पुढं केला, तर तिनं तोंड फिरवलं. म्हणाली, धोंडू देईल ते घेईन.

रेल्वेनं दोन दिवस लागणार होते. हैदराबादच्या एका नातलगानं खटपट करून विमानाचं तिकीट मिळवलं. काका उमरग्याहून मोटारीनं निघाले आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच तिथल्या विमानतळावर हजर झाले. काकांची पूजा सकाळी एकदाच व्हायची, म्हणजे अक्काला जो प्रसाद न्यायचा तो इथंच तयार व्हायला हवा होता. आणि अक्का घेणार ती कॉफीच, तीही चांगली.

अडचण अशी, की पूजेआधी काका चव घेऊ शकत नव्हते. मग त्यांनी उपाय काढला. उपाहारगृहातली कॉफी विकत घेऊन अनोळखी लोकांना पाजायची आणि त्यांची तोंडं बघायची. पहिल्या साहेबानं पेपर वाचत पेला संपवला. चेहऱ्यावर काहीच नाही. एका बाईनं अर्धा पेला तसाच ठेवला. तिसऱ्या गृहस्थानं आभार मानले, ते काकांना फारच वाईट लक्षण वाटलं.

"बडे मियाँ, पीना है के देखना है?" खानसाम्यानं विचारलं.

"देखना है," काका म्हणाले आणि बाहेर पडले.

विमानांच्या शेडमागं एक मद्रासी फिटर स्टोव्हजवळ बसून फडक्यातून कॉफी गाळत होता. पहिल्या घोटाला त्यानं डोळे मिटले. काका त्याच्यापुढं जाऊन बसले. फिटरला कानडी येत होतं. सगळं ऐकून त्यानं नवीन पाणी ठेवलं, काकांच्या पितळी गडूत ताजी कॉफी गाळली आणि हात सैल सोडून साखर घातली. काकांना ते दिसलं, पण आजारी बहिणीसाठी माया करणाऱ्या माणसाला थांबवायचं कसं?

पूजा सुरू झाली तेव्हा विमानाचा पंखा फिरत होता. एक अधिकारी हाका मारत आला. काकांनी एकही मंत्र गाळला नाही. लिंगाला कॉफी दाखवली, चार थेंब स्वतःच्या तळहातावर घेतले आणि निघाले. धावले नाहीत, कॉफी सांडली असती.

विमानात दोन्ही हात गडूला. पट्टा शेजारच्या साहेबानं बांधून दिला, त्याबद्दल त्याच्या पाटलोणीवर थोडी कॉफी सांडली. खाली नद्या, डोंगर, गावं गेली असतील. काकांनी गडूवरून नजर हलवली नाही.

दवाखान्यात सासरची माणसं माना खाली घालून उभी होती. काकांनी गडू अक्काच्या ओठाला लावला.

"अक्का, पूजा झालीय. घे."

तिनं घोट घेतला. कॉफी केव्हाच गार झाली होती. डोळे न उघडता ती म्हणाली, "साखर लई टाकलीस."

"भायेरची हाय, अक्का," काका म्हणाले आणि सगळ्यांसमोर लहान मुलासारखे रडले.

अक्का त्यानंतर नऊ वर्षं जगली. इतकी वाईट कॉफी जन्मात प्याले नाही, हे तिनं घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगितलं. त्या दिवशी तो गडू तिनं तळापर्यंत संपवला होता, हे मात्र तिनं कधी सांगितलं नाही. ते आम्हाला काकांकडून कळलं.