पत्रिकेत त्या बयेचं नाव

धाकट्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका फोनवर पाठवायची ठरली आणि काम माझ्या गळ्यात पडलं. मी वेबसाइट बनवते ना! पेठ रोडला लॉन्सला लागून लॉन्स. पाहुणे हमखास भलत्याच लग्नात जेवून जाणार. म्हणून एका कंपनीचा नकाशा मी पत्रिकेत जोडला.

वडील नाहीत. कन्यादान मोठे काका-काकू करणार होते. बहिणीला बाकी कशाची फिकीर नव्हती, फक्त काका रुसायला नकोत. आणि आमचे काका म्हणजे! पत्रिकेत नाव एक ओळ खाली गेलं म्हणून पुतण्याच्या लग्नाला गेलेच नव्हते.

मालेगावहून ते आले, फोन डोळ्यांजवळ धरला आणि नकाशाच्या कोपऱ्यातल्या नावावर बोट ठेवलं.

"हाई कोण शे?"

"कंपनी आहे, काका. नाव दाखवावंच लागतं, त्यांची अट आहे."

"म्हणजे निमंत्रकांत मी खाली, अन् ही बया वर?"

झालं! अख्खी संध्याकाळ मी अटी वाचून दाखवत बसले. नाव काढायचं नाही, झाकायचं नाही, वाचता येणार नाही इतकं बारीक करायचं नाही. काका तहसील कचेरीतून निवृत्त. नियमातून वाट काढण्यात हयात गेलेली. म्हणाले, "झाकू नको म्हटलंय. हळदीकुंकवाचं बोट लावू नको असं कुठंय? पत्रिकेला लावतातच की."

"बोटाखाली नाव गेलं की ते झाकणंच, काका."

"मग त्यांचा बघून आपला नकाशा काढ."

गिरवायलाही बंदी होती. ते ऐकून काका असे भडकले!

"गिरवतो कोण? तो रस्ता माझ्या पायाखालचा शे!"

कागद मागवून त्यांनी स्वतः नकाशा काढला, खाली आपलं नाव ठसठशीत घातलं आणि मला बजावलं, "झाकायचं नाही, बारीक करायचं नाही." मी दातओठ खात तोच टाकला. बहीण मात्र खूश, काका येणार म्हणून.

लग्नाच्या दिवशी मुहूर्त जवळ आला, काकांचा पत्ता नाही. पाहुणे सगळे आले होते. त्यांनी नकाशा पाहिलाच नव्हता, विचारत विचारत आले. बहिणीचे डोळे भरले. "ताई, रुसले गं ते."

तेवढ्यात माझा फोन वाजला. "पोरी, इथलं वडाचं झाड कुठं गेलं?"

वड रस्ता रुंद करताना केव्हाच तोडला होता. काकांच्या नकाशात तो होता. एरवी दरडावणारा माणूस आता विनवत होता. "लोकेशन टाक बाई. लवकर टाक!"

काका-काकू धापा टाकत मांडवात शिरले, तेव्हा हातातल्या फोनमधली त्याच कंपनीची बाई अजून उजवीकडे वळायला सांगत होती. बहीण त्यांच्या गळ्यातच पडली. मेकअप गेला उडत. माझाही जीव भांड्यात पडला.

कन्यादान झालं. हात पुसत काका फोन दाखवत माझ्या कानाशी लागले. "बारशाच्या पत्रिकेत हिचं नाव टाक हां."

"त्या बयेचं?" मी विचारलं.

"वर नको. माझ्या शेजारी."