आईला नवी कवळी हवी होती

माझं आणि दत्तमहाराजांचं त्या वर्षी भांडण चालू होतं. भांडण एकतर्फीच, कारण तसबिरीतून कुणी उलटून बोलत नाही. रोज सकाळी फोन बंद करून मी जपाला बसायची, माळ पुरी करायची आणि शेवटी एकच सांगायची, माझ्या आईला बरं कर. डॉक्टरांनी मला आणि पुण्याच्या दादाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आजार पसरलाय, आता औषधं फक्त त्रास कमी करण्यापुरती. फार तर चार-सहा महिने. आईला यातलं अवाक्षर सांगायचं नाही, असं आम्ही दोघा भावंडांनी तिथंच ठरवून टाकलं. तिला म्हणालो, लिव्हरला सूज आहे, पथ्य पाळलंस की उतरेल. मी शाळेत गणित शिकवणारी बाई. पण हे खोटं अगदी सराईतासारखं बोलले.

खोट्याला रोज राखण लागते, हे मला तेव्हा कळलं. आई बेळगावची, ऐंशी ओलांडलेली, जिभेला धार. मधूनच ती म्हणायची, माझ्या माघारी त्या पितळी डब्यांचं काय करशील गं? की मी तिचं वाक्य मधेच तोडायची. असलं अभद्र बोलू नकोस, म्हणायची आणि टीव्हीचा आवाज वाढवायची. ती गप्प बसायची. मला वाटायचं, चला, वेळ मारून नेली. हळूहळू आमच्या बंगळुरातल्या जे. पी. नगरच्या घरात पथ्य, हवा आणि मालिका एवढेच विषय उरले. आईच्या मनात काहीतरी होतं आणि तिला ते बोलायचं होतं, हे मला स्पष्ट दिसत होतं. ऐकायची माझी छाती नव्हती. ती न बोलताच गेली तर काय, हा विचार आला की मी आणखी एक माळ ओढायची.

अशात तिनं नवी कवळी मागितली. गाल बसल्यामुळे जुनी सैल झाली होती, बोलताना खटखट वाजायची. मी चाटच पडले. चार महिन्यांसाठी नवी कवळी? पण नको म्हणावं तर का नको, हे सांगावं लागणार! माझ्याच खोट्यानं माझं तोंड बंद केलं. करू या की, म्हणाले आणि पंधरा दिवस आज-उद्या करत राहिले. शेवटी आईनं स्वतःच फोन लावून मंगळवारची वेळ घेतली.

दात बसवणारी ही बाई इथल्याच शिवाजीनगरची. मूळची चिनी, पण तीन पिढ्या बंगळुरातच गेलेल्या. दात बसवणं हा त्यांच्या घरचाच व्यवसाय. साठीची, ठेंगणी, हसरी. आम्ही तिला डॉक्टर अक्का म्हणतो आणि तिचं कन्नड माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे. मंगळवारी रिक्षातून उतरलो तर शटर अर्धं खाली. खोटं कशाला बोलू, मला मनातून बरंच वाटलं. तेवढ्यात अक्का बाहेर आली आणि म्हणाली, आज बंद म्हणून सकाळीच मेसेज केला होता की. मी फोन पर्समधून काढला. जपासाठी बंद केलेला, तो चालू करायचाच राहिला होता. आता परत जाऊ म्हटलं तर तिनं आईचा हात धरला. "सरी, बन्नी, स्वल्प कूतकोळ्ळी," म्हणजे, बरं, या, जरा बसा, म्हणत मागच्या खोलीत नेलं.

खोलीत तिचे वडील वेताच्या खुर्चीत बसले होते. नव्वदीचे, अगदी वाळलेले, पण अंगात निळा रेशमी झुळझुळीत पायघोळ अंगरखा. त्याला गुंडी एकही नव्हती, सगळे बंद. अक्का ते बंद बांधत होती आणि म्हातारबाबा गळ्याशी बोट घालून, इथं काचतंय, अशी तक्रार करत होते. मला वाटलं, घरात कार्य आहे. मी कौतुकानं कन्नडमधून विचारलं, लग्न कुणाचं? अक्का इतकी हसली की तिला बसावं लागलं. मग तिनं वडिलांना सांगितलं, तेही बोळकं उघडून हसले.

ते कपडे शेवटच्या दिवसाचे होते. अक्का अगदी सहज सांगत होती. त्यांच्या घरात मुलींनी आई-बापाचे हे कपडे ते धडधाकट असतानाच शिवून ठेवायचे. त्यांना नाव आहे दीर्घायुष्याचे कपडे, कारण आधी शिवून ठेवले की आयुष्य वाढतं म्हणे. वडील दर वाढदिवसाला ते घालून बघतात, आज तोच, म्हणून दवाखाना बंद. या वर्षी त्यांना पोटाचं दुखणं झालंय आणि ते मोठं आहे. मग माझा उतरलेला चेहरा बघून ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आजाराचं नाव आम्हीपण सांगत नाही, अम्मा. पण कपडे दाखवतो. मग त्यांना जे विचारायचं ते विचारतात, जे सांगायचं ते सांगतात."

अक्का हळू आवाजातच बोलली होती, पण आईचे दात गेले तरी कान शाबूत होते. ती थोडा वेळ त्या निळ्या रेशमाकडे बघत राहिली. मग अक्कानं सहज विचारलं, तुम्हाला कवळी कशासाठी, जेवायला की बोलायला? आई म्हणाली, "फोटोला. भिंतीवर लागेल ना तो. त्यात मला बोळकं नको."

मला रडू फुटलं, आणि ते काही नीटनेटकं रडणं नव्हतं. आईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "मला माहीत होतं की गं," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी तुझं तोंड बघून कळलं. तुला सोसणार नाही म्हणून मी गप्प."

म्हणजे मी तिला सांभाळत होते आणि ती मला! अक्कानं तिथंच, सुट्टीच्या दिवशी, आईच्या हिरड्यांचं माप घेतलं. तोंडात तो साचा असताना आईला बोलता येईना, तेवढाच काय तो तिचा गप्प बसण्याचा शेवटचा वेळ. रिक्षात बसल्यापासून जी सुरू झाली ती पुढं तीन महिने बोलतच होती. शेवटच्या दिवसासाठी हिरवं इरकल काढून ठेव म्हणाली. बाबा गेल्यापासून तिनं हिरवं नेसायचं सोडलं होतं. लोक काय म्हणतील, असं माझ्या तोंडून निघून गेलं. "म्हणू देत की. मला कुठं ऐकू येणार आहे?" ती म्हणाली आणि मला हसता हसता ठसका लागला. बाबांशी तिचं पहिलं भांडण कशावरून झालं, दादाला ती कशासाठी माफ करू शकली नव्हती आणि आता कसं केलं, माझ्या कुठल्या गोष्टीचा तिला अभिमान होता, सगळं बोलली. दादाला मी बोलावून घेतलं. त्यालाही तिनं तासभर समोर बसवलं, आणि तो डोळे पुसत पण हलका होऊन उठला.

आई बरी झाली नाही. मी मागितलं ते दत्तमहाराजांनी दिलं नाही. पण ती मनात काही ठेवून गेली नाही, आणि हे मागायचं मला सुचलंसुद्धा नव्हतं. तो मंगळवार, तो बंद फोन, ते अर्धं शटर, याला काय म्हणायचं ते ज्यानं त्यानं म्हणावं. मी हात जोडते, अक्कालाही आणि देवालाही. मागणं म्हणजे त्याला उत्तर आधीच लिहून देणं, असं मी करत होते. ते सोडलं.

ज्या सकाळी तिचा श्वास हळू झाला, त्या सकाळी मी माळ घेतली नाही. तिचा हात माझ्या हातात होता. लेक सासरी पाठवताना विहिणीला सांगतात तसं मी दत्तमहाराजांना सांगितलं, घेऊन जा, आता तुमची आहे. तिला उठल्याउठल्या चहा लागतो, आंघोळ नंतर. आणि ती बोलायला लागली की तिला मधे तोडू नका.