सुनेच्या शेतातील मधुमका

तापीकाठच्या आमच्या शेतात पिढ्यान्‌पिढ्या केळीच उभी राहिली. मी शहरातल्या बुधवारा पेठेतील पाठशाळेत आयुष्यभर संस्कृत शिकवले. शेती मुलाने सांभाळली. गेल्या मार्गशीर्षात सुनेने विहिरीलगतच्या पट्ट्यात मधुमका, म्हणजे बाजारातले स्वीट कॉर्न, पेरण्याचा हट्ट धरला, तेव्हा मुलाने स्पष्ट अट घातली : "एकच हंगाम. कणसं भरली नाहीत, तर इथे पुन्हा केळी."

मका गुडघ्याएवढा झाला आणि कोवळ्या पानांवर पांढुरके पट्टे उमटले.

"घ्या नाना," मुलगा मला म्हणाला, "तुमच्या सुनेचा भुट्टा आत्ताच म्हातारा झाला!"

सुनेने एक पान उजेडासमोर धरून मला दाखवले. "नाना, ही जस्ताची भूक आहे. आपल्या चुनखडीच्या मातीत जस्त अडकून पडतं, मुळांना मिळत नाही. ते पानांवाटे द्यावं लागेल."

मुलगा मनाने उदार. दुसऱ्या सकाळी त्यानेच फवारणीचा पंप भरला, पण केळीच्या सवयीने. केळीचे पान मेणचट. त्यावर पाणी ठरत नाही, म्हणून आमच्याकडे औषध सढळ हाताने घालतात आणि वर चिकटद्रव्यही मिसळतात. सून धावतच आली.

"अहो, थांबा! एवढ्या कडक पाण्यानं पानं भाजतील."

"इतकी वर्षं मी काय शेतात गोट्या खेळलो?"

"केळीत नाही खेळलात. हा मका आहे."

तो हसला नाही. पण पंप बांधावर रिकामा केला. सुनेने जस्ताचे सौम्य द्रावण केले, त्याचा दाह कमी व्हावा म्हणून चुन्याची निवळी घातली आणि वारा पडेपर्यंत वाट पाहिली. मी विहिरीपाशी सायंसंध्येला बसलो होतो. अर्घ्य देऊन वळून पाहिले, तर ती एकेका रोपासमोर किंचित थांबत पुढे सरकत होती. देवपूजेत जी सावधानता मी विद्यार्थ्यांना शिकवीत आलो, तीच तिच्या हातांत होती. माझे मन भरून आले.

तुरे येण्यापूर्वी तिने पुन्हा फवारले. या वेळी दाणे नीट धरावेत म्हणून थोडे बोरॉनही होते. बांधाकडच्या दोन ओळी मात्र तिने दोन्ही वेळा मुद्दाम कोरड्या ठेवल्या.

"त्या काय सावत्र?" मुलाने विचारले.

"ताडून बघायला. नाहीतर तुम्ही म्हणाल, थंडीनं पिकलं."

फाल्गुनात मुलाने स्वतः कणसे सोलली. कोरड्या ओळींतील कणसांचे शेंडे बोडके होते, दाणे विरळ. फवारलेल्या ओळींत दाणे टोकापर्यंत दाटीने बसले होते. नखाने टोचताच दूध उडाले. त्याने एकामागून एक कणीस सोलले, बहुधा एखादे तरी पोकळ निघेल या आशेने. मग तिथेच उभे राहून केळीच्या रोपवाटिकेला फोन लावला : "विहिरीकडच्या पट्ट्यापुरती रोपं कमी करा. नाही हो, भांडण नाही. तिथे आता घरवालीचं राज्य आहे."

"घरवालीचं नाही, मक्याचं," सून म्हणाली. पण तिचे डोळे ओलावले होते.

पहिल्या तोडीची पाच कणसे घेऊन मी इच्छापुरास देवीच्या दर्शनाला गेलो. पुजाऱ्यांनी ती हातात घेऊन कौतुकाने विचारले, "शास्त्रीबुवा, तुमच्या शेतातली का?"

"नाही," मी म्हणालो, "माझ्या सुनेच्या शेतातली."